पेन्शन विकायची, पण किती? निवृत्त फौजी शेतकऱ्यांसाठी अंशराशीकरणाचा हिशोब

शेतकरी बंधूंनो, हे पान तसं पीकपाण्याचं. खत कधी द्यावं, फवारणी कधी घ्यावी, हे सांगायचं सोडून यंदा हा गडी पेन्शनीवर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण कारण शेतीचंच आहे. आपल्या भागात घरटी एक माणूस फौजेत अशी कितीतरी गावं आहेत. साताऱ्याजवळचं आपशिंगे तर ‘मिलिटरी आपशिंगे’ याच नावानं ओळखलं जातं. फौजेतला माणूस निवृत्त होऊन गावी येतो आणि आठवडाभरात त्याचा पहिला प्रश्न आमच्या कचेरीत येतो : “साहेब, पेन्शन विकून हातात रक्कम येतेय. विहीर काढू, ट्रॅक्टर घेऊ, की जमीन घेऊ?”

मी उलट विचारतो, “पेन्शन किती विकायची ते ठरलं का?” बहुतेक जण म्हणतात, “त्यात काय ठरवायचं? मिळते तेवढी सगळी विकायची. सगळेच विकतात.” इथंच गाडी अडते. सगळेच करतात म्हणून करण्याची ही गोष्ट नाही. एकदा पैसे खात्यावर आले की हा सौदा मोडता येत नाही, आणि त्याचे हप्ते पंधरा वर्षं पेन्शनीतून जातात.

विकणे म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण ‘पेन्शन विकणे’ किंवा ‘कम्युटेशन’ म्हणतो. सरकारी मराठीत याला अंशराशीकरण म्हणतात. अर्थ सोपा आहे. दरमहा मिळणाऱ्या मूळ पेन्शनचा काही भाग आपण सरकारला सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात सरकारने एकरकमी पैसे द्यायचे. सोडलेला भाग दर महिन्याला पेन्शनीतून कापला जातो. पंधरा वर्षं पुरी झाली की कपात थांबते आणि पेन्शन पूर्ववत होते.

सेनादलात किती भाग विकता येतो, याचा नियम काळाप्रमाणे बदलत गेला. पूर्वी अधिकाऱ्यांना ४३ टक्के आणि जवान-जेसीओंना ४५ टक्के अशी मर्यादा होती. सहाव्या वेतन आयोगानंतर ती सगळ्यांना सारखी, म्हणजे ५० टक्के झाली. कर्नल असो की हवालदार, मूळ पेन्शनच्या निम्म्यापर्यंत विकता येते. केंद्राच्या नागरी नोकरांना ही मर्यादा ४० टक्के आहे.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ५० टक्के ही वरची मर्यादा आहे, सक्ती नाही. दहा टक्के विका, वीस टक्के विका, नाहीतर अजिबात विकू नका. फॉर्मवर तुम्ही जो आकडा लिहाल तो चालतो.

रक्कम कशी काढतात?

हिशोब आपल्याला घरी वहीवर करता येतो. विकलेला मासिक भाग गुणिले बारा, गुणिले वयाचा गुणक. गुणक पुढच्या वाढदिवसाला जे वय होणार त्यावरून तक्त्यात बघायचा. सध्याचा तक्ता २ सप्टेंबर २००८ पासून लागू आहे. त्यात चाळिसाव्या वर्षाला ९.०९०, पंचेचाळिसाव्याला ८.९९६, पंचावन्नाव्याला ८.६२७ आणि एकसष्टाव्याला ८.१९४ असे गुणक आहेत. वय वाढेल तसा गुणक उतरतो.

आता उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल धरले आहेत. एक लेफ्टनंट कर्नल साहेब ५४ व्या वर्षी निवृत्त झाले. मूळ पेन्शन एक लाख रुपये. त्यांनी निम्मी विकली, म्हणजे ५० हजार. पुढच्या वाढदिवसाला वय ५५, म्हणून गुणक ८.६२७.

५०,००० × १२ × ८.६२७ = ५१,७६,२०० रुपये.

हातात जवळजवळ बावन्न लाख. आकडा ऐकून कुणालाही हुरूप येईल. पण दुसरी बाजू बघा. दरमहा ५० हजार कपात, १८० महिने. एकूण कपात ९० लाख. म्हणजे घेतले बावन्न लाख आणि सोडले नव्वद लाख.

दुसरं उदाहरण तरुण फौजीचं. वय ४४, मूळ पेन्शन ३० हजार, विकली १५ हजार.

१५,००० × १२ × ८.९९६ = १६,१९,२८० रुपये.

कपात १८० महिन्यांत २७ लाख.

मग हा तोट्याचा सौदा आहे का?

नाही. घाईने तसं म्हणू नका. आज हातात आलेला रुपया आणि पंधरा वर्षांनी सुटणारा रुपया यांची किंमत सारखी नसते, हे सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्या माणसाला सांगायला नको. हा सौदा म्हणजे एक प्रकारचं कर्जच आहे असं समजा. तो व्याजाच्या भाषेत मांडला तर पंचावन्नाव्या वर्षाच्या गुणकाला वर्षाला साधारण सव्वाआठ टक्के पडतात. पंचेचाळिसाव्या वर्षाच्या गुणकाला साडेसात टक्के. एकसष्टाव्या वर्षाच्या गुणकाला नऊच्या आसपास. तक्ताच मुळी आठ टक्के व्याज धरून बांधलेला आहे.

या कर्जाला तीन गुण आहेत जे बँकेच्या कर्जाला नाहीत. एक, तारण नाही, सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. दोन, सरकारी व सेनादलाच्या निवृत्तांना अंशराशीकरणाच्या रकमेवर आयकर लागत नाही. शिवाय विकलेला भाग पेन्शनीत येत नाही, म्हणून त्यावरचा करही वाचतो. ज्या अधिकाऱ्याची वरची मिळकत वीस टक्क्यांच्या टप्प्यात करपात्र आहे, त्याला हा सौदा प्रत्यक्षात पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. हवालदार, नाईक यांची मिळकत कराच्या टप्प्यात येत नसेल तर त्यांना हा फायदा नाही. म्हणून कर्नल साहेबांनी निम्मी विकली तर आपणही विकावी, हे गणित जुळत नाही. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, पेन्शनर पंधरा वर्षांच्या आत वारला तर उरलेली रक्कम कुणाकडूनही वसूल होत नाही.

काकूंची दोन एकर

हा तिसरा गुण माहीत नसल्यामुळे काय होतं ते सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका गावात एक सुभेदार निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी वारले. त्यांनी पेन्शन विकून घर बांधलं होतं. दहाव्याला जमलेल्या माणसांपैकी कुणीतरी काकूंच्या कानावर घातलं की, सरकारचे नऊ वर्षांचे पैसे बाकी आहेत, ते आता तुम्हाला भरावे लागणार. बाई घाबरली. दोन एकराला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. गिऱ्हाईकही शेजारचंच निघालं आणि भाव पाडून मागू लागलं.

काकू माझ्याकडे आल्या त्या ज्वारीच्या बियाण्याचं निमित्त करून. उठता उठता म्हणाल्या, “भाऊ, पुढच्या साली बियाणं लागतंय की नाही कुणास ठाऊक. रान विकायला काढलंय.” मग सगळं बाहेर आलं. मी त्यांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथं दोन मिनिटांत खुलासा झाला. एक पैसा देणं नाही. उलट कुटुंब निवृत्तिवेतन हे नवऱ्याच्या शेवटच्या पगारावर ठरतं, विकलेल्या पेन्शनीचा त्यातून एक रुपयाही कापला जात नाही. काकू पायरीवर बसून बराच वेळ रडल्या. रान वाचलं. आज त्यात हरभरा उभा आहे.

म्हणून फौजी बंधूंना माझी पहिली विनंती ही आहे. अंशराशीकरणाचा फॉर्म भरताना घरातल्या बाईला शेजारी बसवा. किती विकली, कधीपासून कपात, आपल्यामागं काय मिळणार, हे तिला तोंडपाठ पाहिजे.

पंधरा वर्षांची तारीख कुठे लिहिली आहे?

पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते, हेसुद्धा आपोआप मिळालेलं नाही. पूर्वी एकदा विकलेला भाग जन्मभर कापला जायचा. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ च्या निकालात नागरी व सेनादल दोन्हीकडच्या पेन्शनरांना पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत मिळण्याचा हक्क मिळाला. पाचव्या वेतन आयोगाने ही मुदत बारा वर्षांवर आणावी अशी शिफारस केली होती. केंद्र सरकारने ती मानली नाही.

आमचे वडील २००४ साली नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची पंधरा वर्षं २०१९ साली भरली. त्या वेळी पेन्शन बँकेमार्फत मिळायची. वडिलांना तारीख आठवत नव्हती आणि शाखेतही कुणी पाहिली नाही. सात महिने कपात चालूच राहिली. मी एक दिवस त्यांचं पासबुक भरून आणलं तेव्हा शंका आली. पीपीओची झेरॉक्स जोडून अर्ज केला, दोनदा हेलपाटे घातले, मग फरकासह पैसे जमा झाले. वडील म्हणाले, “सीमेवर डोळ्यात तेल घालून पहारा केला, पण स्वतःच्या पेन्शनीवर नाही केला.”

आता सेनादलाची पेन्शन ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीतून प्रयागराजच्या कार्यालयामार्फत थेट खात्यावर येते. त्यात आपली माहिती आपल्याला बघता येते. तरी सुद्धा कपात सुरू झालेली तारीख एका कागदावर लिहा, त्यात पंधरा वर्षं मिळवा आणि तो कागद सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. स्पर्शमध्ये तारीख चुकली असेल तर ती आजच दुरुस्त करून घ्या, पंधराव्या वर्षी नव्हे.

महागाई आणि वाढीव पेन्शन

अनेकांचा समज असतो की पेन्शन विकली की महागाईसुद्धा निम्मी होते. तसं नाही. महागाई सवलत मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळते. वरच्या उदाहरणातल्या कर्नल साहेबांना ५० हजार कपात झाली तरी महागाई एक लाखावर धरली जाईल. तसंच समान पद, समान पेन्शन या योजनेत पुढे मूळ पेन्शन वाढली तरी कपातीचा आकडा सुरुवातीला ठरला तोच राहतो. म्हणून पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात आणि पुढे कपातीचा भार हलका वाटू लागतो. आपला खर्चाचा अंदाज पहिल्या तीन वर्षांवर बांधा.

अर्ज कधी करायचा?

शक्यतो निवृत्तीच्या कागदपत्रांबरोबरच. नियत वयोमानाने किंवा सेवा पुरी करून निवृत्त झालेल्याने निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. वर्ष उलटलं की तपासणी करावी लागते आणि वय वाढल्याने गुणकही उतरलेला असतो. म्हणजे विचार करायला एक वर्ष आहे. घाई नको, पण आळसही नको.

विचार करताना आधी हे बघा की निवृत्तीला दुसरे पैसे किती येतात. ग्रॅच्युइटी येते, शिल्लक रजेचा पगार येतो, अधिकाऱ्यांना डीएसओपी फंड आणि जवानांना त्यांचा भविष्य निर्वाह निधी मिळतो, ग्रुप इन्शुरन्सची रक्कम असते. एवढ्यात काम भागत असेल तर पेन्शनीला हात कशाला लावायचा?

आता शेतीकडे वळू

माझ्या नोकरीत पाहिलेल्या दोन घरांची गोष्ट सांगतो. नावं घेत नाही.

पहिले एक कॅप्टन साहेब. त्यांनी निम्मी पेन्शन विकली. आलेल्या पैशांत नवा ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रस्त्याकडेला दुमजली घर. घरची जमीन साडेतीन एकर. ट्रॅक्टरला घरचं काम वर्षात मोजकेच दिवस. भाड्याने चालवावा तर गावात आधीच अकरा ट्रॅक्टर. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, विमा, टायर हे चालूच. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला पैसे लागले तेव्हा साहेबांनी हातउसने घेतले, तेही शेकडा तीन रुपयांनी. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. आठ टक्क्यांचं कर्ज काढून यंत्र अंगणात उभं केलं आणि छत्तीस टक्क्यांचं कर्ज काढून घर चालवलं.

दुसरे एक सुभेदार मेजर. आमचे त्यांना मामा म्हणायची रीत आहे. मामांनी वीसच टक्के विकली. आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारून विहिरीची जागा पाहिली. विहीर काढली, पाइपलाइन टाकली. ठिबकासाठी मात्र स्वतःचे सगळे पैसे घातले नाहीत. महाडीबीटीवर अर्ज केला, पूर्वसंमती आली, मगच संच घेतला. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान असतं, त्यावर राज्य सरकारची पुरवणी मिळते. पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली असती तर ते हातचं गेलं असतं. मामांनी उरलेल्या पैशांतून दोन लाख घरखर्चाची तूट भरायला बाजूला ठेवले. पहिल्या वर्षी कपात जाणवली. तिसऱ्या वर्षी डाळिंबाने ती भरून काढली. दोन्ही घरांत माणूस कष्टाळूच होता. फरक हिशोबाचा होता.

यावरून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. विकलेल्या पेन्शनचा पैसा जिथे दरवर्षी आठ टक्क्यांपेक्षा जास्त देईल तिथेच घाला, किंवा त्याहून महागडं कर्ज फेडायला वापरा. सावकाराचं देणं असेल तर ते आधी मिटवा. यासारखी दुसरी गुंतवणूक नाही. पण पीककर्ज मिटवायला पेन्शन विकू नका. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज याहून स्वस्त पडतं.

दोन. ज्याला आयकर लागत नाही त्याने नुसतं बँकेत ठेवायला पेन्शन विकू नये. ठेवीचं व्याज सौद्याच्या व्याजापेक्षा कमी असेल तर तो घरबसल्या तोटा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सेनादलातून निवृत्त झालेल्यांना पन्नासाव्या वर्षापासून खाते उघडता येते. तिचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, तो पाहून ताळा करा. वर्षात दामदुप्पट करून देतो म्हणणारा दारात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. निवृत्त फौजीच्या हातात रक्कम कधी येते याचा वास अशा माणसांना आधी लागतो.

तीन. सामाईक गटात विहीर काढायची असेल तर भावांशी आधी कागद करा. पैसा तुमचा आणि सातबाऱ्यावर नावं चौघांची, अशी स्थिती पुढं कोर्टात नेते. विहिरीची नोंद तलाठी भाऊसाहेबांकडून लगेच करून घ्या.

चार. कपात होऊन उरलेल्या पेन्शनीत घरखर्च, दवाखाना आणि मुलांची फी भागते का, हे विकण्याआधी तीन महिने तेवढ्यातच घर चालवून बघा. भागलं तर विका. नाही भागलं तर टक्का कमी करा.

गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेब, तुमच्याकडे फौजीची घरं कुठली ते तुम्हाला माहीत आहे. पेन्शनर वारला तर मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते, ती त्याच मुदतीत करून दाखला घरी पोहोचवा. त्या दाखल्याशिवाय कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम पुढं सरकत नाही. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला हेलपाटे पडू नयेत म्हणून ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात एक दिवस ठरवून द्या. आणि ग्रामसभेत एकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या माणसाला बोलवा. त्या काकूंना दहाव्याच्या दिवशी खरं सांगणारा एक माणूस जरी भेटला असता तरी त्यांचे दोन महिने काळजीत गेले नसते.

फौजी बंधूंनो, पेन्शन ही तुम्ही थंडीवाऱ्यात, घरादारापासून लांब राहून केलेल्या नोकरीची कमाई आहे. ती विकू नका असं मी म्हणत नाही. आमच्या मामांनी विकलीच की. पण आपण बाजारात बैल विकायला नेतो तेव्हा त्याचे दात, चाल, कामाची वर्षं सगळं बघून भाव करतो. पेन्शन विकताना निदान तेवढा तरी हिशोब मांडा. वही, पेन आणि घरची कारभारीण एवढं जवळ असलं की पुरे. विहिरीची जागा आणि ठिबकाचा अर्ज यासाठी आमच्या कचेरीचा दरवाजा उघडा आहेच.